मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाला फिट आली तर

फिट आली की आपल्या वस्त्यांत आजही कोणी कांदा फोडतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी ‘बाहेरचं आहे’ म्हणून अंगारा आणतो. पण कारण मेंदूत असते. मेंदूच्या पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांवर काम करतात. गाठीमुळे किंवा तिच्याभोवतीच्या सुजेमुळे हे संदेश एकदम उसळतात, तीच फिट. म्हणून मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली, तर डॉक्टरांना दाखवून मेंदूचा स्कॅन करून घ्यावा.

प्रत्येक वेळी हातपाय झटकतातच असे नाही. काही क्षण एकटक पाहत राहणे, एकच हात थरथरणे, बोलता बोलता शब्द अडणे हीसुद्धा फिट असू शकते.

फिट आल्यावर काय करावे?

१. घड्याळ पाहा.
२. जवळच्या टोकदार वस्तू व विस्तव दूर करा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा.
३. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नका.
४. झटके थांबताच कुशीवर वळवा, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही.
५. फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच १०८ ला फोन करा.

औषधांचे काय?

अशा रुग्णांना पुष्कळदा लेव्हेटिरासेटाम दिले जाते, कारण केमोथेरपीच्या औषधांशी त्याचा फारसा झगडा होत नाही. फेनिटोइन, कार्बामाझेपिन ही जुनी औषधे मात्र केमोच्या काही औषधांचा परिणाम कमी करू शकतात. म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्यांची चिठ्ठी प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. लेव्हेटिरासेटाममुळे काहींची चिडचिड वाढते, मन उदास होते. तो रुग्णाचा हट्टीपणा समजू नका, डॉक्टरांना सांगा.

फिट थांबली म्हणून गोळी बंद करू नका. अचानक बंद केल्यास मोठी फिट येऊ शकते. सुजेसाठीची डेक्सामेथासोनची गोळीही मनाने सोडू नये. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच आणून ठेवाव्यात. पैशांची अडचण असेल तर गोळी चुकवण्याऐवजी सरकारी रुग्णालयात विचारा. उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते, ते आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

जागरण, दारू व चुकलेली गोळी यांमुळे फिट येण्याची शक्यता वाढते. डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवणे, विहिरीवर किंवा उंचावर एकट्याने काम करणे टाळावे.

तथागतांनी आजारी भिक्खूला आनंदासोबत स्वतः स्नान घातले होते. करुणा अशी हातांनी करायची असते. आपल्या घरात, शेजारी असा रुग्ण असेल तर फिटची तारीख, वेळ आणि लक्षणे वहीत लिहून ठेवण्याचे काम आपण घेऊ. डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवताना ती वही फार उपयोगी पडते.