घटक ५ : वाचनालयासाठी ग्रंथनिवड – कथात्म साहित्य आणि आत्मपर लेखन

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• कथात्म साहित्य आणि आत्मपर लेखन यांतील भेद व त्यांच्यातील सीमारेषा सोदाहरण सांगता येतील.
• प्रौढ आणि कुमार वाचकांसाठी ग्रंथ निवडण्याचे निकष स्पष्ट करता येतील.
• एका पुस्तकाला दुसऱ्या पुस्तकाची जोड का द्यावी लागते, हे मांडता येईल.
• आपल्या गावच्या वाचनालयासाठी छोटी ग्रंथयादी तयार करून तिचे समर्थन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण कथा, कादंबरी आणि आत्मचरित्र या साहित्यप्रकारांचा परिचय करून घेतला. या घटकात आपल्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न आहे. वाचनालयाकडे मोजकेच पैसे आहेत. त्यातून कोणती पुस्तके घ्यावीत?

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क आणि ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यांत आढळणारी वाचनालये बहुधा लहानच असतात. एक खोली, दोन-तीन कपाटे, वर्तमानपत्रांसाठी एक टेबल. अशा ठिकाणी घेतलेले प्रत्येक पुस्तक न घेतलेल्या दुसऱ्या एखाद्या पुस्तकाची जागा घेते. मोठ्या ग्रंथालयात चुकीची निवड खपून जाते; लहान वाचनालयात ती पुढची कित्येक वर्षे कपाटात बसून राहते.

या भागात आणखी एक अडचण आहे. 'लातूर पॅटर्न'ने परीक्षेतील यशाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याचा एक परिणाम असा, की अनेक वाचनालये हळूहळू अभ्यासिका होत गेली आणि खरेदीचा ओघ स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांकडे वळला. ही गरज खरी आहे, तिला कमी लेखू नये. परंतु मार्गदर्शक पुस्तक दोन-तीन वर्षांत जुने होते आणि परीक्षा संपली की वाचकही निघून जातो. कादंबरी आणि आठवणी यांचा वाचक मात्र एकदा लागला की आयुष्यभर टिकतो. म्हणून ललित साहित्यासाठी राखलेला वाटा कितीही लहान असला, तरी तो विचारपूर्वक खर्च व्हायला हवा.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ कथात्म साहित्य आणि आत्मपर लेखन : भेद आणि सीमारेषा

कथा-कादंबरीत लेखक पात्रे आणि प्रसंग रचतो. आत्मचरित्रात, आत्मकथनात किंवा आठवणींत 'हे माझ्या बाबतीत घडले' अशी हमी लेखक वाचकाला देतो. कादंबरी वाचताना आपण 'हे पटते का?' असे विचारतो; आत्मकथन वाचताना 'हे असे का घडले?' असा प्रश्न मनात येतो. वाचनालयात दोन्ही प्रश्न विचारणारी पुस्तके हवीत.

मात्र ही सीमारेषा सर्वत्र ठळक नसते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले 'श्यामची आई' घ्या. श्याम हे पात्र आहे, पण त्याच्या आठवणींचा आधार लेखकाचे स्वतःचे बालपण आहे. दुसरीकडे आठवण ही कधीही संपूर्ण नसते. आठवणी लिहिणारा काही सांगतो, काही गाळतो. म्हणूनच आत्मपर पुस्तक खरे असले, तरी ते एकाच व्यक्तीच्या जागेवरून दिसलेले सत्य असते, हे निवड करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

५.२.२ जवळचे आणि दूरचे

वाचकाला आपली भाषा आणि आपला परिसर छापील पानावर प्रथमच भेटतो, तेव्हा त्याचा पुस्तकाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो. सुदैवाने या परिसराला अशी पुस्तके लाभली आहेत.

रा. रं. बोराडे यांचा जन्म लातूर जिल्ह्यातील काटगावचा. त्यांच्या 'पाचोळा' (१९७१) या कादंबरीत खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) या आत्मकथनात उदगीर परिसरातील पोरक्या मुलाची शिक्षणासाठीची धडपड आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन लातूर तालुक्यातील धनेगावापासून सुरू होऊन लातूरच्या गिरणीपर्यंत येते; त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ मध्ये हाच सन्मान लाभला.

परंतु केवळ जवळचे ते निवडावे, असा याचा अर्थ नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले लातूरकर वाचकाने पाहिले आहे. त्याला सदानंद देशमुख यांची 'तहान' किंवा 'बारोमास' ही विदर्भातील कादंबरी परकी वाटणार नाही. माणदेशातील 'बनगरवाडी' (१९५५) ही व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी दुष्काळाची म्हणून जवळची आणि धनगरांच्या वस्तीची म्हणून नवी ठरते. जवळचे पुस्तक विश्वास देते. दूरचे पुस्तक त्या विश्वासावर वाचकाला गावाच्या शिवेबाहेर नेते. पहिल्याशिवाय दुसरे न वाचलेले राहते आणि दुसऱ्याशिवाय पहिले वाचकाला आहे तेथेच ठेवते.

५.२.३ जोडीने निवड

या घटकातील मध्यवर्ती विचार असा : पुस्तक एकटे निवडू नये, जोडीने निवडावे. एखाद्या अनुभवाविषयी वाचनालयात एकच पुस्तक असेल, तर वाचक त्यालाच त्या अनुभवाचे संपूर्ण चित्र समजतो. तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

(अ) हैदराबाद मुक्तिसंग्राम : १७ सप्टेंबर १९४८ या दिवसाचे महत्त्व तुम्हाला ठाऊक आहेच. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजीतील आठवणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. अनंत भालेराव यांचे 'पेटलेले दिवस' मराठीत आहे. नेत्यांच्या आणि कार्यकर्त्यांच्या आठवणींतून चळवळ कळते. पण त्या काळातील सामान्य घरातील कुचंबणा, कारकुनाचे किंवा कुळाचे जगणे समजून घ्यायचे, तर बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांच्या कथा-कादंबऱ्यांकडे वळावे लागते. येथे आठवणींना कथात्म साहित्याची जोड मिळते.

(आ) स्त्रीचा आवाज : 'पाचोळा'ची निवेदक स्त्री आहे, परंतु लेखक पुरुष आहे. ही कादंबरी उत्तमच आहे. तरीही स्त्रीने स्वतः सांगितलेली कहाणी तिच्याशेजारी असावी. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ही दोन पुस्तके ठेवली, तर एकाच कपाटात स्त्रीजीवनाचे तीन वेगवेगळे स्तर दिसतात.

(इ) शिक्का आणि माणूस : 'उचल्या'त जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातीचे जीवन आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण समाजाच्या नजरेतला शिक्का पुसला गेला नाही. आता अशी कल्पना करा, की वाचनालयात भटक्या-विमुक्तांविषयी हे एकच पुस्तक आहे आणि त्याच जमातीतील दहावीचा मुलगा समोरच्या बाकावर बसला आहे. पुस्तकाचा पहिला भाग वाचून इतरांनी त्याच्याकडे कसे पाहावे? म्हणून पुस्तक टाळायचे नाही. ते घ्यायचे, पण त्याच्याशेजारी 'आठवणींचे पक्षी' आणि बंजारा समाजातील आत्माराम राठोड यांचे 'तांडा' ठेवायचे. तसेच, 'उचल्या'चा लेखक पुढे गिरणी कामगारांच्या आणि विमुक्तांच्या लढ्यात उतरतो, हे वाचकाला आवर्जून सांगायचे. योग्य सोबत मिळाली, की तेच पुस्तक त्या मुलाला अपमानाऐवजी आधार वाटू शकते.

५.२.४ कुमार वाचकांसाठी निवड

बालकाविषयीचे पुस्तक आणि बालकासाठीचे पुस्तक यांत गल्लत होऊ देऊ नये. प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास'चा नायक लंपन हा शाळकरी मुलगा आहे. पण त्यातील हुरहुर बहुधा मोठ्या वाचकालाच अधिक उमगते. याउलट भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिल्याच पानावर ओढून घेतो. मिलिंद बोकील यांची 'शाळा' नववी-दहावीच्या वाचकांना साजेशी आहे. उदगीर येथे २०२२ मध्ये झालेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे यांनीही मुलांसाठी लिहिले आहे; त्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या पुस्तकाला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

मुलांसाठी आठवणींची पुस्तके कमी घेतली जातात. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे शाळेच्या आठवणींचे पुस्तक मराठीत सहज मिळते. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) हे आठवणी नसून चरित्र आहे. तथापि कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग पेरायला सांगणारा शास्त्रज्ञ कापूस पिकवणाऱ्या नांदेडच्या मुलाला आपलासा वाटेल.

आणखी एक बाब लक्षात घ्या. किनवट-माहूरकडे गोरमाटी आणि गोंडी, देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू व कन्नड, शहरांतून उर्दू, अशा अनेक भाषा घरांत बोलल्या जातात. ज्या मुलाची घरची भाषा मराठी नाही, त्याच्यासाठी मोठा टाइप, आखूड वाक्ये आणि चित्रे असलेली पुस्तके हवीत. नुकतेच वाचायला शिकलेल्या प्रौढांनाही हीच पुस्तके उपयोगी पडतात. मात्र त्यांना 'मुलांचे पुस्तक घ्या' असे म्हणून संकोचात टाकू नये. अशी पुस्तके वेगळ्या फळीवर, वयाचा उल्लेख न करता ठेवावीत.

५.२.५ निवडीवरील आक्षेप

निवड करताना तीन आक्षेप हमखास येतात. 'बोलीतले पुस्तक कळत नाही' हा पहिला. यावर एखादे पान मोठ्याने वाचून दाखवावे. डोळ्यांना अडणारी बोली कानांना ओळखीची निघते. 'यात फार दुःख आहे' हा दुसरा. वाचकाने दिवसभर कष्ट केलेले असतात, त्याला विरंगुळाही हवा असतो. म्हणून विनोदी आणि साहसकथा यांना यादीत मानाचे स्थान द्यावे. दुःखाची पुस्तके काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. 'वाचकांना ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्याच आवडतात' हा तिसरा. 'स्वामी', 'मृत्युंजय' यांसारख्या पुस्तकांनी अनेकांना वाचनाची गोडी लावली, हे मान्य करावे. पण देवघेव नोंदवहीत तीच नावे पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर कपाटात दुसरे काही होते का, हे आधी तपासावे. जे ठेवलेलेच नाही, त्याची मागणी नोंदवहीत दिसणार नाही.

५.२.६ चाळीस पुस्तकांची नमुना यादी

समजा, तुमच्या वाचनालयाला चाळीस ललित पुस्तके घ्यायची आहेत. एक विभागणी अशी करता येईल : प्रौढांसाठी कादंबऱ्या १०, कथासंग्रह ६, आत्मपर लेखन ८, कुमारांसाठी कथा-कादंबऱ्या १०, आठवणी व चरित्रे ६. यादी झाल्यावर चार प्रश्न विचारावेत. स्त्रियांनी लिहिलेली पुस्तके किती? मराठवाड्याबाहेरची किती? अनुवादित किती? आणि गावातील कोणत्या वस्तीतल्या वाचकाला यांपैकी एकही पुस्तक आपले वाटणार नाही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सापडले, की यादीतील एक पुस्तक बदलावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(१) 'श्यामची आई' हे पुस्तक सीमारेषेवरचे का मानता येते?
(२) 'पाचोळा'ला 'स्मृतिचित्रे'ची जोड देण्यामागील कारण एका वाक्यात सांगा.
(३) बालकाविषयीचे पुस्तक आणि बालकासाठीचे पुस्तक यांचे प्रत्येकी एक उदाहरण द्या.

५.३ सारांश

ग्रंथनिवड म्हणजे चांगल्या पुस्तकांची नावे गोळा करणे नव्हे. लहान वाचनालयात कोणाला आपली कहाणी वाचायला मिळेल आणि कोणाला दुसऱ्याची कहाणी समजून घेता येईल, याचा निर्णय त्या यादीतून होत असतो. कथात्म साहित्याला आठवणींची, पुरुषाच्या लेखनाला स्त्रीच्या लेखनाची, जवळच्याला दूरच्याची आणि वेदनेच्या पुस्तकाला विरंगुळ्याच्या पुस्तकाची सोबत द्यावी. कुमारांसाठी निवड करताना नायकाचे वय नव्हे, तर वाचकाची तयारी पाहावी.

५.४ पारिभाषिक शब्द

आत्मपर लेखन : आत्मचरित्र, आत्मकथन, आठवणी इत्यादी स्वतःच्या जीवनावर आधारित लेखन.
देवघेव नोंदवही : वाचकांना दिलेल्या व परत आलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारी वही.
कुमार वाचक : साधारणतः दहा ते सोळा वर्षे वयाचे वाचक.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(१) त्यात श्याम हे पात्र निवेदन करते, परंतु आशयाला लेखकाच्या स्वतःच्या बालपणाचा आधार आहे.
(२) पुरुष लेखकाने रंगवलेल्या स्त्रीच्या निवेदनाशेजारी स्त्रीने स्वतः सांगितलेली कहाणी असावी.
(३) अनुक्रमे 'वनवास' आणि फास्टर फेणेच्या साहसकथा.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) 'पुस्तक एकटे निवडू नये, जोडीने निवडावे' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
(२) सामाजिक वेदना मांडणारी आत्मकथने कुमार वाचकांना द्यावीत का? तुमचे मत सकारण लिहा.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावातील किंवा जवळच्या वाचनालयाला भेट द्या. ग्रंथपालांच्या अनुमतीने कथा-कादंबऱ्या आणि आत्मपर लेखन यांची संख्या मोजा. ५.२.६ मधील चार प्रश्न त्या संग्रहाला लावून पाहा आणि वाचनालयाने पुढील खरेदीत कोणती पाच पुस्तके घ्यावीत, हे कारणांसह दोन पानांत लिहा. ते टिपण ग्रंथपालांनाही द्या; पुढच्या खरेदीच्या वेळी त्यांना त्याचा उपयोग होईल.