आजीचे डोळे आणि रक्तातली साखर

मुलांनो, १४ नोव्हेंबर हा आपला बालदिन. तोच जागतिक मधुमेह दिनही आहे. १९२१ साली इन्सुलिन शोधून काढणाऱ्यांपैकी डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस.

आपण भाकरी, भात खातो. त्याची शरीरात साखर होते व ती रक्तात मिसळते. जठरामागच्या स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन ती साखर पेशींना मिळवून देते. इन्सुलिन कमी पडले किंवा नीट काम करेनासे झाले, की साखर रक्तातच साचते. हाच मधुमेह.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्याला केसाहून बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, की त्या कमजोर होऊन झिरपतात, कधी फुटतात. मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा यांनाही इजा होते. मग पायात काटा मोडला तरी कळत नाही!

खरा धोका पुढेच आहे. सुरुवातीला डोळा दुखत नाही, लालही होत नाही. आजी म्हणते, "मला चांगलं दिसतंय की!" पण आतला पडदा तेव्हाही बिघडत असू शकतो. गेलेली नजर बहुधा परत येत नाही. वेळीच कळले, तर लेसर किंवा इंजेक्शनने उरलेली वाचवता येते.

म्हणून मधुमेह असलेल्यांनी दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. नुसता चष्मा बदलून भागत नाही. औषध चुकवू नये, रोज चालावे, तंबाखू सोडावी.

आज घरी गेल्यावर एवढंच विचारा, "आजी, तुझ्या डोळ्याचा पडदा कधी तपासला गं?"