घड्याळाचं पथ्य

दवाखाना उघडायच्या आधीच गुरुजी बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. वय ६८, रोज पहाटे रंकाळा तलावाला फेरी, बीपीची एक गोळी, बाकी तक्रार नाही. आत आले आणि नाडी दाखवायला करतात तसा डावा हात पुढे केला. पण दाखवायची होती ती नाडी नव्हे, घड्याळ.

"हे बघा डॉक्टर. रात्री अडीच वाजता ऑक्सिजन ८४."

मागून काकू म्हणाल्या, "तेव्हापासनं मलाही उठवून बसवलंय. खोल श्वास घे म्हणतात. ऑक्सिजन ह्यांचा कमी आणि श्वास मी घ्यायचा!"

माझ्या टेबलावरच्या ऑक्सिमीटरने ९७ दाखवलं. धाप नव्हती, छाती स्वच्छ होती. घड्याळाचा पट्टा मात्र इतका सैल की खालून माझं बोट आरपार गेलं. शिवाय गुरुजी झोपतात त्याच हातावर डोकं ठेवून. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं असं काही आहे का, हे काकूंना विचारून घेतलं. तसं असतं आणि आकडा रोज रात्री घसरत असता, तर मी झोपेची तपासणी सांगितली असती. तसं काहीच नव्हतं.

(गुरुजी ओळखू येऊ नयेत म्हणून चार तपशील बदलले आहेत. आजचा अर्धा विषयही तोच आहे, खासगीपणा.)

हल्ली आठवड्यात चार-पाच पेशंट तरी घड्याळ घेऊन येतात. त्यांच्याकडे बघून मला एक गोष्ट जाणवते. घड्याळाच्या आकड्यावर आपण गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतो आणि तोच आकडा दुसऱ्याच्या हाती देताना गरजेपेक्षा फार कमी विचार करतो. आज या दोन्ही सवयींचं पथ्य सांगणार आहे.

घड्याळाला काय दिसतं

घड्याळ उलटं करून पाहा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त किंचित वाढतं, तेवढ्यापुरता परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतात. पट्टा सैल असला, हात गार पडला, मनगटावर गोंदण असलं किंवा हात सारखा हलत असला की हिशेब चुकतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्येही सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दिसण्याची चूक होऊ शकते, हे कोविडच्या काळात पुढे आलं. आपल्याकडच्या लोकांनी हे लक्षात ठेवायला हवं.

स्वस्थ बसलेलं असताना नाडी किती, पावलं साधारण किती, या बाबतीत चांगलं घड्याळ बऱ्यापैकी खरं बोलतं. नाडी अनियमित असल्याचा इशाराही काही घड्याळं देतात, आणि तो हसण्यावारी नेऊ नका. 'एट्रियल फिब्रिलेशन' या विकारात नाडीची लय बिघडते, गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, आणि अनेकदा पेशंटला पत्ताच नसतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने अॅपलच्या घड्याळावर मोठा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ लाखांहून अधिक लोकांपैकी फक्त ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीचा इशारा मिळाला. त्यातल्या ज्यांनी पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांत हा विकार दिसला. बाकीच्यांचे सगळे इशारे खोटे होते असं नाही, कारण हा विकार येतो-जातो. म्हणून इशारा आला तर घाबरू नका, पण डॉक्टरकडे जाऊन खरा ईसीजी काढा.

घड्याळाला काय दिसत नाही

सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारी घड्याळं बाजारात सर्रास विकली जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना स्पष्ट सावध केलं: स्वतःच्या बळावर, त्वचेला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. दंडाला चिकटवायचा, बारीक तार त्वचेखाली जाणारा सेन्सर वेगळा, तो खरा आहे. पण घड्याळाचा आकडा बघून इन्सुलिनचे युनिट वाढवाल तर साखर उतरून बेशुद्ध पडू शकता. बीपीसाठीही घड्याळावर विसंबू नका. दंडाला पट्टा बांधून मोजलेलं बीपी धरा.

दुसरी गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. घड्याळातला ईसीजी एकाच बाजूने हृदयाकडे बघतो. आमच्या मशिनचा बारा बाजूंनी बघतो. घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असताना "घड्याळ नॉर्मल दाखवतंय" म्हणून घरी बसू नका. सरळ १०८ ला फोन करा.

आणि रोजची दहा हजार पावलं? ती कुठल्या वैद्यकीय ग्रंथातून आलेली नाहीत. १९६५ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ, जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. जाहिरातीतला तो आकडा पुढे जगभर आरोग्याचा नियम होऊन बसला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. म्हणून रात्री साडेअकराला आकडा पुरा करायला हॉलमध्ये येरझाऱ्या घालणाऱ्या आजोबांनो, झोपा. आणि झोपेचा 'स्कोर' बघत पडू नका. त्या स्कोरच्या काळजीने झोप उडणाऱ्या लोकांसाठी संशोधकांनी २०१७ मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असं नावही सुचवून ठेवलंय.

आकडा जातो कुठे

गुरुजींचं घड्याळ पुण्याच्या मुलाने वाढदिवसाला दिलेलं. त्यांचा मोबाईल मागून घेतला आणि दोघांनी मिळून अॅप उघडलं. अॅपला ठिकाण 'कायम' दिसत होतं. फोनमधली सगळी नावं-नंबर वाचायची परवानगी होती. आणि रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रीच्या त्या ८४ चा फोटो गुरुजींनी पहाटे पाचलाच टाकलेला. त्यावर ६० जणांचे जोडलेले हात येऊन गेले होते आणि तिघांनी औषधंही सुचवली होती.

"पण डॉक्टर, माझ्यात लपवण्यासारखं आहे काय?" गुरुजींनी विचारलं.

हा प्रश्न बहुतेक वाचकांच्याही मनात असतो. म्हणून दुसऱ्या एका पेशंटची गोष्ट सांगतो. तिच्या ऑफिसात पावलांची स्पर्धा होती. कोण किती चाललं, याची यादी सगळ्यांना दिसायची. ही कायम पहिल्या पाचात. मग दोन आठवड्यांत तिची पावलं निम्म्याहून खाली आली. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मॅडम, गुड न्यूज आहे का?" होती. दुसरा महिना, उलट्यांनी बेजार. आईलाही अजून सांगितलं नव्हतं. पावलांत काय गुपित असणार, असं तिलाही वाटलं होतं. पण एक आकडा मुका असला तरी महिनाभराचे आकडे एका ओळीत ठेवले की बोलू लागतात. कधी उठता, कधी झोपता, कुठल्या रात्री झोप लागली नाही, कधीपासून चालणं थांबलं, हे सगळं त्यात असतं.

लष्करालाही हा धडा मिळालाय. धावणाऱ्यांच्या 'स्ट्रावा' या अॅपने २०१७ च्या अखेरीस जगभरातल्या व्यायामाचा एक नकाशा काढला. त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिलं, की सीरिया-अफगाणिस्तानच्या अंधाऱ्या वाळवंटात काही ठिकाणी प्रकाशाचे चौकोन उठून दिसताहेत. ते लष्करी तळ होते, आणि तिथे सैनिक घड्याळ लावून धावत होते.

पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या 'फ्लो' या अॅपवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आरोप केला, की गुप्ततेचं वचन देऊनही गर्भधारणेसारखी माहिती फेसबुक आणि गुगलच्या विश्लेषण सेवांपर्यंत पोचवली. २०२१ मध्ये कंपनीने आयोगाशी तडजोड केली. हे वाचताना मला कालनिर्णय आठवलं. आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आई दर महिन्याला एका तारखेवर पेन्सिलीने ठिपका द्यायची. घरातल्या सगळ्यांना तो दिसायचा आणि तिच्याखेरीज कुणालाही कळायचा नाही. तेवढी सोय या अॅपमध्ये नव्हती.

आणि मनगटावरचं यंत्र नेहमी स्वतःच्या इच्छेनेच येतं असंही नाही. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएस घड्याळं दिली, चंडीगडमध्येही दिली गेली. हजेरी लागावी, काम दिसावं, हा हेतू. पण सतत पाहिलं जाण्याचा जाच होतो, अशी तक्रार कामगारांनी केली. आपण हौसेने बांधतो तीच वस्तू दुसऱ्याला नोकरीसाठी बांधावी लागते, तेव्हा 'नको' म्हणायची ताकद कुणाकडे आहे हे कळतं.

डॉक्टरवर बंधन आहे, अॅपवर?

चरकसंहितेत विमानस्थानात गुरू शिष्याला वैद्यकाची दीक्षा देतो. त्यातल्या उपदेशात रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर काढू नये, असंही बजावलेलं आहे. आजही भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी तेच बंधन आमच्यावर घातलंय. तुमचं दुखणं मी चव्हाट्यावर मांडलं तर माझ्यावर कारवाई होऊ शकते. घड्याळाच्या कंपनीने अशी दीक्षा घेतलेली नाही. तिचं-तुमचं नातं ठरतं ते न वाचता 'आय अॅग्री' दाबलेल्या करारावर.

कायदा आता येतोय. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या बऱ्याचशा जबाबदाऱ्या अंगावर घ्यायला कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. संमती स्पष्ट हवी, दिलेली संमती मागे घेता यायला हवी, माहिती दुरुस्त करायला आणि पुसायला सांगता यायला हवं, आणि सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, असं हा कायदा म्हणतो. आरोग्याच्या माहितीसाठी मात्र त्यात वेगळा, जास्त कडक कप्पा नाही. म्हणून पहिलं कुलूप आपणच लावायचं.

पथ्य

गुरुजींना कागदावर लिहून दिलं, तेच तुम्हालाही देतो.

१. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असा. विचित्र आकडा दिसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, आणि खऱ्या यंत्रावर ताडून बघा.

२. रोजचा आकडा बघू नका. महिन्याचा कल बघा आणि तोच डॉक्टरला दाखवा. मला तुमच्या मंगळवारच्या नाडीत रस नाही, दिवाळीपासून ती वाढत चालली असेल तर आहे.

३. अॅपच्या परवानग्या आजच तपासा. ठिकाण 'वापरताना फक्त'. फोनमधली नावं, मायक्रोफोन, फोटो यांची गरज नसेल तर बंद. प्रोफाइल 'खासगी' करा. फिरण्याचा नकाशा टाकायचाच असेल तर घराजवळचा टप्पा झाकायची सोय वापरा.

४. रिपोर्ट आणि आकडे ग्रुपवर टाकू नका. डॉक्टरला पाठवायचे तर फक्त डॉक्टरला, नंबर दोनदा बघून.

५. विमा कंपनी पावलांवर सवलत देत असेल तर आधी विचारा: कुठली माहिती जाते, किती दिवस राहते, पावलं कमी झाली तर काय होतं? उत्तर लेखी घ्या. ऑफिसच्या स्पर्धेला स्वतःचं रोजचं घड्याळ जोडू नका.

६. 'आभा' या सरकारी आरोग्य-खात्याच्या क्रमांकाशी जोडलेली कागदपत्रं बघायची संमती मागणारा संदेश आला तर कोण मागतंय, कशासाठी आणि किती मुदतीसाठी, हे वाचूनच होकार द्या.

७. जुनं घड्याळ भाच्याला देताना किंवा विकताना फोनपासून तोडा आणि आतलं सगळं पुसून टाका. ते नुसतं बंद करून भागत नाही.

८. एक माहिती मात्र मुद्दाम उघडी ठेवा. फोनच्या 'आपत्कालीन माहिती'त रक्तगट, अॅलर्जी, चालू औषधं आणि घरच्यांचा नंबर भरा. रस्त्यात पडलात तर लॉक न उघडता ते दिसायला हवं.

९. आईवडिलांना घड्याळ देत असाल तर त्यांना विचारून द्या. पडल्याचा इशारा मुलाच्या फोनवर जाणं चांगलं. पण बाबा दुपारी कुठे गेले होते हे पुण्यात बसून बघायचं की नाही, हे बाबांना ठरवू दे.

पंधरा दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. घड्याळ आता रात्री चार्जरवर झोपतं आणि काकू पलंगावर. त्यांनी हात पुढे केला. मी तीन बोटं ठेवली, पूर्ण एक मिनिट मोजलं. ७२, लय एकसारखी. केसपेपरवर लिहिलं.

"हा आकडा जातो कुठे?" गुरुजींनी विचारलं. शिकवलेलं चांगलंच लक्षात ठेवलं होतं.

"कुठे नाही. हा केसपेपर, आणि हे कपाट."

गुरुजींनी मान वळवून कपाटाकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं, वरच्या कप्प्यातल्या पेपरांवरची नावं बाकावरून वाचता येत होती. ते काही बोलले नाहीत. शिक्षकाला प्रत्येक वेळी बोलावं लागत नाही.

संध्याकाळी कंपाउंडरला महाद्वार रोडला पाठवून कुलूप आणलं.