कारखान्याचा मेडिक्लेम बंद झाला, पुढे काय?

या सदरात आज रोगाविषयी न लिहिता कागदपत्रांविषयी लिहिणार आहे. डॉक्टरांनी हा उद्योग कधीपासून सुरू केला, असे वाचक विचारतील. कारण घरचेच आहे.

माझे भावोजी एका खासगी कारखान्यातून निवृत्त झाले. तो कारखाना निवृत्तांनाही पती-पत्नी मिळून तीन लाखांचा गट मेडिक्लेम चालू ठेवत असे. २०२५ च्या फेब्रुवारीत पत्र आले, की १ एप्रिलपासून ही सोय बंद. भावोजींनी पत्र वाचले, घडी घातली आणि कपाटाच्या खणात ठेवले. मला कळले ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, तेही अक्का गुडघा दाखवायला आली म्हणून. भावोजींचे वय ६७, मधुमेह चौदा वर्षांचा, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. अक्का ६४ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले.

तोवर ओळखीचा एक एजंट घरी येऊन गेला होता. दुसऱ्या कंपनीची नवी पॉलिसी, पाच लाखांची, हप्ताही बेताचा. फक्त अर्जात मधुमेह आणि स्टेंट लिहायचा नाही. "पाच वर्षे गेली की कोणी विचारत नाही," असे त्याचे म्हणणे. हे अर्धसत्य आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालली, की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही हे खरे. पण फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही नाकारता येतो. आणि त्या पाच वर्षांतच छातीत दुखले तर? रुग्ण दाखल होताना आम्ही विचारतो, "साखर आहे का? किती वर्षांपासून?" घाबरलेले नातेवाईक खरे तेच सांगतात. ते केसपेपरवर उतरते आणि तोच कागद विमा कंपनीकडे जातो. मधुमेहाचे वर्ष बदलून द्या, म्हणणारे माझ्याकडेही येतात. मी देत नाही. त्यावरून रागावलेले दोघे-तिघे आता दुसऱ्या दवाखान्यात जातात.

अशा वेळी कोणती कंपनी चांगली, हा पहिला प्रश्न नव्हे. आहे तो विमा खंड न पडू देता पुढे कसा नेता येईल, हा पहिला प्रश्न. गट विम्यातील व्यक्तीला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. यास मायग्रेशन म्हणतात. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ लावता येतो. २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षे होती. मोतीबिंदू, हर्निया, सांधेरोपण यांना बहुधा दोन वर्षे असतात. गटात सलग काढलेली वर्षे यातून वजा होतात, मात्र जुन्या रकमेपुरतीच. तिनाचे पाच लाख केले, तर वरच्या दोन लाखांना प्रतीक्षा नव्याने सुरू. मध्ये खंड पडला की सारे पाण्यात. शिवाय कंपनी तपासण्या मागू शकते, नकारही देऊ शकते. म्हणून अर्ज दीड-दोन महिने आधी हवा. आमच्या हाती उरले होते अकरा दिवस.

भावोजींना विमा कंपनीचे नावसुद्धा ठाऊक नव्हते. त्यांच्या लेखी तो 'कारखान्याचा मेडिक्लेम'. आम्ही कारखान्याच्या कार्यालयातून कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि किती वर्षे सलग विमा होता याचे पत्र आणले. अर्ज मी शेजारी बसून भरून घेतला. मधुमेह, स्टेंट, चालू गोळ्या, सारे लिहिले. ३१ मार्चला संध्याकाळी होकार आला. हप्ता चढा, आणि बिलाचा वीस टक्के हिस्सा आपण भरायचा, अशी अट. भावोजी चिडले. मी म्हटले, "दोन लाखांच्या बिलात चाळीस हजार तुमचे, पण एक लाख साठ हजार तर वाचले!" तेव्हा कुठे सही केली.

डिसेंबरात अक्काच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा खोलीचा मुद्दा निघाला. पॉलिसीत खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. अक्काला स्वतंत्र खोली हवी होती, भाडे ६,०००. पुष्कळांना वाटते की वरचे तीन हजार आपण भरले की झाले. तसे नाही. अशा पॉलिसीत सर्जनची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा यांचे पैसेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मेच मिळतात. औषधे, तपासण्या आणि बसवलेला सांधा यांना ही कात्री लागत नाही. अक्का दोन खाटांच्या खोलीत राहिली. शेजारच्या बाईंशी तिची मैत्रीही झाली.

हप्ता झेपत नसेल त्यांनी हताश होऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना, वर्षाला पाच लाखांपर्यंत लागू आहे. वय ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचे कार्ड मिळते. दोन्ही योजना नोंदलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांपुरत्याच चालतात, तेव्हा आपल्या गावाजवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे ते आजारी पडण्याआधी पाहावे. कारखान्यात ईएसआयचे कार्ड असताना, निदान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्यांना वर्षाला अवघे १२० रुपये भरून पती-पत्नीसाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. हे माझ्याच कित्येक रुग्णांना माहीत नव्हते.

आणखी एक दिलासा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावे लागते, असा आदेशही जानेवारी २०२५ मध्ये निघाला.

भावोजींच्याच खात्यातील एका मित्राने त्या एजंटचे ऐकले होते. अक्काला भेटायला ते रुग्णालयात आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर, आता खरे कळवले तर पॉलिसी जाईल का?" जाईलही, असे मी सांगितले. तरी त्यांनी कळवायचे ठरवले. पत्राचा मसुदा मी करून दिला. कंपनीचे उत्तर अजून यायचे आहे.