न गंजणारे लोखंड

विळी रात्रभर ओली राहिली की सकाळी तिच्यावर तांबूस डाग दिसतात. शेजारचा स्टीलचा तांब्याही ओलाच असतो; त्याला काही होत नाही. खरे पाहता दोन्ही लोखंडच. मग हा फरक कशाचा?

लोखंडात थोडा कार्बन, म्हणजे कोळशाचा अंश, मुरला की पोलाद होते. विळा, कुऱ्हाड पोलादाची. कार्बन जास्त झाला की बीड. बिडाचा तवा भाकरीला फार चांगला, पण हातून निसटला तर फुटतो. ही सगळी गंजतात. गंज पापुद्र्याने सुटतो, खालचे लोखंड उघडे पडते, मग तेही गंजते.

पोलादात क्रोमियम नावाचा धातू मिसळला की गोष्ट बदलते. शंभर किलोंत तो निदान साडेदहा किलो तरी लागतो. हवा लागताच त्याचा एक पातळ थर वर धरतो. डोळ्यांना दिसत नाही, पण घट्ट बसतो. राखेने घासा, ओरखडा पाडा, थर आपोआप पुन्हा धरतो. जस्ती बादलीचे तसे नाही. तिच्यावर जस्त वरून चढवलेले. ते झिजले की संपले. १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी असे पोलाद ओतले. त्यांना बंदुकीच्या नळ्या टिकाऊ करायच्या होत्या. उपयोग झाला सुऱ्या-चमच्यांना!

भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये शंभर भागांत १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल असते. त्याचा नंबर ३०४. निकेल महाग, म्हणून हलक्या मालात ते कमी करून मँगनीज घालतात. चकाकी तीच दिसते.

‘चुंबक चिकटला नाही, म्हणजे माल अस्सल,’ असे दुकानात सांगतात. आम्हांला हे पटत नाही. मँगनीजच्या हलक्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. उलट आपले एक रुपयाचे नाणे घ्या. तेही न गंजणारे स्टीलच, पण निकेलवाचून केलेले. त्याला चुंबक पटकन चिकटतो. तेव्हा पावतीवर नंबर लिहून मागावा. २०२४ साली केंद्र सरकारने स्टीलच्या आणि जर्मनच्या भांड्यांना आय.एस.आय. शिक्का सक्तीचा करणारा हुकूम काढला आहे. तो शिक्काही पाहावा.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते. प्यायल्यास उलट्या होतात. स्टीलला ही भीती नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगाव डेअरीला दूध घालतात, त्यांना स्टीलची किटली धुवायला सोपी. मात्र स्टीलमध्ये आच नीट पसरत नाही, त्यामुळे दूध तळाला लागते. आणि मीठ स्टीललाही खाते. प्रवरेच्या पाटाखाली काही विहिरींचे पाणी खारे लागते. तिथे हंडा रोज पुसून कोरडा करावा. लोणचे बरणीतच बरे.

आता दारावर येणाऱ्या मोडवाल्याविषयी. तो सासूबाईंच्या वेळचा पितळी हंडा मागतो आणि तोलास तोल कोरे स्टील देतो. बाया खूश होतात. पण मोडीत पितळेचा किलोचा भाव स्टीलपेक्षा पुष्कळ चढा असतो. हंडा आधी घरी तोलून घ्या, दोन-तीन दुकानांत दोन्हींचे भाव विचारा, आणि मगच हो म्हणा. हंडा धड असेल तर कल्हई करून घ्या. तो अजून कितीतरी वर्षे चालेल.