अमेरिकेत अपेंडिक्स काढलं, आता बिल कसं वाचायचं?

मुलाकडे न्यू जर्सीला किंवा लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेलेल्या आईवडिलांपैकी कुणाचं अपेंडिक्स बिघडलं, तर पैशांच्या धास्तीने दुखणं अंगावर काढू नका. अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागाला तपासणी करून रुग्णाची प्रकृती स्थिर करावीच लागते, खिशात विमा असो वा नसो. तसा १९८६चा कायदाच आहे.

बिल मागाहून येतं, आणि एकच येत नाही. रुग्णालयाचं निराळं, सर्जनचं निराळं, भूलतज्ज्ञाचं निराळं. सीटी स्कॅनचा अहवाल देणारा डॉक्टर आणि काढलेलं अपेंडिक्स तपासणारा पॅथॉलॉजिस्ट हेही आपापली पाकिटं पाठवतात. पहिलं बिल भरून सुटलो असं समजू नये.

किती येईल याला धरबंध नाही. कॅलिफोर्नियातल्या २००९ सालच्या साध्या, गुंतागुंत नसलेल्या अपेंडिसायटिसच्या बिलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत लहान आकडा होता १,५२९ डॉलर, सर्वांत मोठा १,८२,९५५, आणि मध्यक ३३,६११. अर्थात हे रुग्णालयाचे छापील दर. विमा कंपन्या घासाघीस करून बरंच कमी भरतात. विमा नसलेल्याच्या हातात मात्र बहुधा छापील दराचंच बिल पडतं, म्हणून घासाघीस त्यानेही करावी. तिथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

खरी गोम कोडमध्ये असते. सर्जनच्या बिलावर पाच आकडी सीपीटी कोड असतो. पोट उघडून अपेंडिक्स काढलं तर ४४९५०. ते फुटून गळू झालं असेल किंवा पू पोटभर पसरला असेल तर ४४९६०. दुर्बिणीतून काढलं तर ४४९७०. पहिल्या दोन्हींत पोट उघडलेलंच असतं, पण ४४९६०चे पैसे जास्त. म्हणून ऑपरेशनची नोंद आणि पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्या. रुग्णाला तो हक्क आहे. नोंदीत अपेंडिक्स नुसतं सुजलेलं आणि बिलात ४४९६०, असं दिसलं तर बिलिंग विभागाला लेखी विचारा. फोनवरच्या गोड बोलण्यावर विसंबू नका.

दुर्बिणीने सुरुवात करून मध्येच पोट उघडावं लागलं, तर दोन्ही कोड लावता येत नाहीत. पैसे फक्त उघड्या शस्त्रक्रियेचे. अशा वेळी निदानाच्या कोडांमध्ये झेड५३.३१ दिसतो, तो या बदलाची खूण. शिवाय मेडिकेअर या तिथल्या सरकारी विम्याच्या नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतल्या सर्जनच्या नेहमीच्या भेटी मूळ रकमेतच धरलेल्या असतात, आणि बऱ्याच खासगी विमा कंपन्याही तेच पाळतात. टाके पाहायला गेल्याचं वेगळं बिल आलं तर आधी हे विचारा.

तिथे नोकरी करणाऱ्या मुलांच्या आरोग्य विम्याला २०२२ पासून एक संरक्षण आहे: इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचा डॉक्टर मिळाला तरी फरकाची रक्कम रुग्णाकडून वसूल करता येत नाही. रस्त्यावरची रुग्णवाहिका मात्र यात येत नाही. आणि आईवडिलांसाठी घेतलेल्या पर्यटक विम्याला हे संरक्षण लागू नाही. त्यातही ‘फिक्स्ड बेनिफिट’ पॉलिसी प्रत्येक बाबीला ठरावीक रक्कम देऊन मोकळी होते. शस्त्रक्रियेच्या बिलापुढे ती किरकोळ ठरते. हप्ता थोडा जास्त पडला तरी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिल आवाक्याबाहेरचं असेल तर क्रेडिट कार्ड काढण्याआधी बाबवार बिल मागवा आणि रुग्णालय ना-नफा आहे का ते पाहा. करसवलत घेणाऱ्या अशा रुग्णालयाला आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. पाहुण्यांना ती मदत मिळेल की नाही, हे त्या धोरणात वाचा. अर्जासाठी घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस मिळतात.