दुसरी बंदूक घ्यावी का?

प्रश्न : सासऱ्यांची बारा बोअरची बंदूक आता यजमानांच्या परवान्यावर आहे. रानडुकरांसाठी त्यांना दुसरीही घ्यायची आहे. मला धास्ती वाटते. – एक वाचक, वडनेर भोलजी

उत्तर : तुमची धास्ती भाबडी नाही. कॅलिफोर्नियातील २००४ ते २०१६ या काळातल्या नोंदींच्या अभ्यासात, पिस्तूलधारकासोबत राहणाऱ्यांचा जोडीदाराच्या गोळीने मृत्यू होण्याचा दर इतरांच्या सुमारे सातपट आढळला. त्या बळींत बहुतेक स्त्रिया होत्या. ती अमेरिका, हे खरे. रात्रीत मका उद्ध्वस्त होण्याचे दुःखही खरे. पण घरातल्या भांडणात बंदूक हाताशी असणे कुठल्याही देशात घातकच. शिवाय परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. २०१९च्या दुरुस्तीनुसार वडिलोपार्जित धरून दोन बंदुका ठेवता येतात, म्हणून यजमान म्हणतील, कायद्यात बसते. बसते, तरी त्या छपराखाली तुम्हीही राहता, तेव्हा गरज त्यांनी तुम्हाला पटवून द्यायला हवी. आहे ती बंदूक रिकामी करून कुलपात आणि काडतुसे वेगळीकडे ठेवा. त्यांनी कधी बंदुकीचा धाक दाखवला असेल, तर मात्र थांबू नका. पोलिसांना व जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम १७ने परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला दिला आहे.